बोथट नाकापुढील सळई

२ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. त्या रात्रीं पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशांतून जळत्या ठिणग्यांची एक लांबच लांब रांग सरकत गेलेली असंख्य लोकांनीं पाहिली. कोणी तिला उल्का म्हटलें, तर कोणाला विमानानें पेट घेतल्याचा भास झाला. त्याच रात्रीं भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेस लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यांत, सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी या गावीं, सुमारें दहा फूट व्यासाचें धातूचें एक कडें येऊन पडलें. आसपासच्या भागांत धातूचे पोकळ गोळेहि सांपडले. पुढें तज्ज्ञांनीं असें अनुमान काढलें कीं, हे अवशेष चीननें फेब्रुवारी २०२१ मध्यें सोडलेल्या ‘लाँग मार्च ३ बी’ जातीच्या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत. वर्षाहून अधिक काळ पृथ्वीभोवतीं फिरून तो टप्पा वातावरणांत शिरला होता, आणि त्याचा बराचसा भाग वाटेंतच जळून गेला होता.

हें दृश्य पाहणाऱ्याच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो. इतक्या उंचीवर हवा अत्यंत विरळ आणि थंडगार असते. मग धातूला जाळणारा हा अग्नि आला कोठून? आणि तो येणारच असेल, तर माणसांना घेऊन परतणारीं अंतराळयानें किंवा वातावरण भेदून वर जाणारे अग्निबाण त्यांतून शाबूत कसे सुटतात? या प्रश्नांचें उत्तर शोधतां शोधतां विज्ञानानें एक विलक्षण वळण घेतलें. वेगवान वस्तु टोंकदार असावी हा मनुष्याचा पुरातन समज त्यानें मोडला. बोथट नाक हितावह ठरविलें. आणि नंतर त्या बोथट नाकापुढें पुन्हा एक बारीक सळई बसवून पाहिली. या सळईचा इतिहास फार कोणास ठाऊक नाहीं. परंतु तो जाणून घेण्याजोगा आहे.

प्रथम उष्णतेचा उगम पाहूं. हवेशीं घासून वस्तु तापते, असें सामान्यतः सांगितलें जातें. तें खोटें नव्हे, पण अपुरें आहे. सायकलीच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक हाताला गरम लागतें, हा अनुभव सर्वांनाच आहे. तेथें मुख्य कारण घासणें हें नसून हवेचें दाबलें जाणें हें असतें. आवाजापेक्षां मंद चालणाऱ्या वस्तूच्या पुढील हवेला तिच्या येण्याची वर्दी आधींच मिळते. कारण दाबाची वर्दी ध्वनीच्या वेगानें पुढें जाते, आणि हवा वेळींच बाजूला सरते. वस्तु ध्वनीहून वेगानें आली कीं ही वर्दी मागें पडते. हवेला सरण्यास अवसर मिळत नाहीं. ती वस्तूच्या तोंडाशीं अकस्मात् चिरडली जाते, आणि चिरडल्यामुळें तापते. ध्वनीच्या सातपट वेगानें जाणाऱ्या वस्तूच्या नाकाशीं थबकलेल्या हवेचें तपमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या घरांत जातें. भंडारा शहर ज्यासाठीं पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध आहे, तें पितळ याच्या निम्म्याहून कमी उष्णतेंत वितळतें. लोखंडाचाहि तेथें निभाव लागत नाहीं. ध्वनीच्या पांचपटीपलीकडील या वेगाला शास्त्रज्ञ अतिस्वनातीत वेग म्हणतात.

हवा ज्या रेषेवर अकस्मात् चिरडली जाते, त्या रेषेला आघाततरंग हें नांव आहे. तो डोळ्यांना दिसत नाहीं. पण त्याच्यासारखें कांहींसें दृश्य वैनगंगेच्या पात्रांत पाहावयास मिळतें. पावसाळ्यांत नदी जोरानें वाहत असतां पुलाच्या रुंद खांबासमोर पाण्याचा एक फुगवटा उभा राहतो आणि तो धनुष्याप्रमाणें वांकून दोहों बाजूंस मागें पसरतो. खांबाचें प्रवाहाकडील तोंड निमुळतें बांधलेलें असलें, तर हा फुगवटा लहान असतो आणि खांबावरचा जोरहि कमी पडतो. हवेंतील असला फुगवटा प्रकाशचित्रांत पकडण्याचें श्रेय प्राग येथील अर्न्स्ट माख आणि त्यांचे सहकारी पीटर साल्खर यांच्याकडे जातें. उडत्या बंदुकीच्या गोळीपुढील धनुष्याकृति तरंगाचीं त्यांनीं घेतलेलीं छायाचित्रें १८८७ सालीं प्रसिद्ध झालीं. पुढें १९२९ मध्यें याकोब आकरेट यांनीं माख यांचें नांव वेगाच्या मापाला जोडलें. ‘माख ७’ म्हणजे ध्वनीच्या सातपट वेग, असा त्याचा अर्थ.

माख यांच्या त्या चित्रांतून सर्वांनीं एकच धडा घेतला. तोंड जितकें टोंकदार, तितका तरंग तिरपा व दुर्बळ, आणि तितकाच हवेचा रोध कमी. बाण, भाला आणि बंदुकीची गोळी यांचा अनुभवहि तोच होता. ३ ऑक्टोबर १९४२ रोजीं जर्मनांचा ‘व्ही-२’ हा अग्निबाण पहिल्यांदा यशस्वीपणें उडाला. त्याचेंहि नाक अणकुचीदारच होतें. महायुद्ध संपल्यावर अमेरिकेंत व रशियांत खंडें ओलांडणाऱ्या क्षेपणास्त्रांचा विचार सुरू झाला, तेव्हां त्यांचीं आरंभींचीं चित्रें सुईसारखींच काढलीं गेलीं. परंतु गणित मांडतांच घोटाळा ध्यानांत आला. इतक्या वेगानें वातावरणांत परतणारें टोंकदार नाक जमिनीपर्यंत पोहोंचण्यापूर्वींच वितळून जाणार होतें. त्या काळीं ज्ञात असलेला कोणताहि धातु तेथें उपयोगी पडण्यासारखा नव्हता.

ही कोंडी फोडली ती कॅलिफोर्नियांतील एम्स प्रयोगशाळेंतील हॅरी ज्यूलियन अ‍ॅलन यांनीं. १९५१ च्या सुमारास त्यांनीं प्रश्नच निराळ्या रीतीनें मांडला. पडणाऱ्या वस्तूजवळची गति अखेर उष्णतेंत रूपांतरित व्हावयाचीच. ती टाळतां येणार नाहीं. मग त्या उष्णतेपैकीं वस्तूंत किती शिरते आणि हवेंत किती उधळली जाते, एवढेंच पाहावयाचें उरतें. अ‍ॅलन यांनीं दाखवून दिलें कीं, वस्तूच्या पदरीं येणारा वांटा हा एकंदर रोधापैकीं घर्षणाचा रोध किती, यावर ठरतो. टोंकदार वस्तूवर एकूण रोध थोडा असतो, पण त्यांतील बराचसा घर्षणाचा असतो. म्हणून उष्णता तिच्याच अंगांत मुरते. बोथट वस्तूवर रोध प्रचंड असतो, पण तो बहुतांशीं दाबाचा असतो. तिच्यापुढें बळकट आघाततरंग अंतर राखून उभा राहतो, आणि बहुतेक उष्णता हवेलाच तापवून मागें निघून जाते. नाकाची गोलाईहि येथें कामास येते. गोलाईची त्रिज्या चौपट केली, तर नाकाच्या मध्यबिंदूवर उष्णता शिरण्याचा वेग निम्म्यावर येतो. अ‍ॅलन व त्यांचे सहकारी आल्फ्रेड एगर्स यांचा यावरील अहवाल १९५३ मध्यें तयार झाला. पण तो कांहीं वर्षें गुप्तच ठेवण्यांत आला होता.

निसर्गाला ही युक्ति पूर्वापार ठाऊक होती, असें म्हणावयास हरकत नाहीं. भंडाऱ्याशेजारच्या नागपूर जिल्ह्यांत काटोल येथें २२ मे २०१२ रोजीं उल्कापाषाण पडले. अशा पाषाणांवर वितळून थिजलेली एक पातळ काळपट साल असते, आणि तिच्याखालीं दगड मूळच्या स्थितींत राहतो. बाहेरचा थर वितळून उडून जातां जातां उष्णता आपल्याबरोबर नेतो, आणि आंतला भाग वांचतो. मानवनिर्मित यानांनींहि बोथट आकार आणि झिजून जाणारें कवच या दोन गोष्टी एकत्र आणल्या. १९६१ मध्यें यूरी गागारिन ज्या यानांतून परतले, त्याची कुपी गोल चेंडूसारखी होती. त्याच वर्षीं उडालेल्या अमेरिकेच्या ‘मर्क्युरी’ यानाचें तळाचें तोंड रुंद आणि बोथट होतें. १९८४ मध्यें राकेश शर्मा ज्या ‘सोयूझ’ कुपींतून पृथ्वीवर परतले, तिचाहि आकार घंटेसारखा बोथटच होता.

येथवर प्रश्न सुटला असें वाटतें. पण तो अर्धाच सुटला होता. परतणाऱ्या यानाला रोध हवाच असतो, कारण रोध हाच त्याचा लगाम होय. परंतु जें वाहन वातावरणांतून वर जावयाचें आहे, किंवा हवेंतूनच लांबचा पल्ला गांठावयाचें आहे, त्याला हा रोध म्हणजे निव्वळ दंड आहे. हा दंड प्रक्षेपक दारूच्या रूपानें भरावा लागतो. आणि ती जास्तीची दारू वाहून नेण्यासाठीं पुन्हा आणखी दारू लागते. कित्येकदां अशा वाहनाचें नाक नाइलाजानें बोथट ठेवावें लागतें. आंत सामान मावावें म्हणून, वाहनाची लांबी आंखडती असावी म्हणून, किंवा तेथें एखादें दुर्बिणीसारखें उपकरण बसवावयाचें म्हणून. बोथट नाकाचे फायदे ठेवून त्याचा रोध तेवढा कमी करतां येईल काय, असा हा पेंच होता. सळईचा प्रवेश या ठिकाणीं होतो.

पुन्हा वैनगंगेच्या त्या खांबाकडे वळूं. रुंद खांबासमोर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला थोड्या अंतरावर एक बांबू रोवला, तर पाणी बांबूपाशींच दुभंगूं लागतें. बांबू आणि खांब यांच्यामध्यें मंद, घोटाळणाऱ्या पाण्याचा एक पट्टा तयार होतो, आणि मुख्य प्रवाह त्या पट्ट्याला वळसा घालून जातो. नाकापुढची सळई हवेंत बरेंचसें हेंच करते; मात्र येथें आघाततरंगाची गुंतागुंत अधिक असते. सळईच्या टोंकापासून एक तिरपा, दुर्बळ तरंग निघतो. सळईला लगटून येणारा हवेचा पातळ थर पुढें नाकाशीं असलेला जबर दाब पाहून सळईपासून सुटतो आणि छत्रीप्रमाणें फांकत नाकाच्या खांद्यावर जाऊन टेकतो. या छत्रीखालीं मंद फिरणाऱ्या हवेचा एक शंकु तयार होतो. बाहेरच्या प्रवाहाला वाटतें कीं समोर टोंकदार शंकूच आहे. वस्तुतः तो शंकु हवेचाच असतो. त्याच्या आंतला दाब बराच कमी असल्यामुळें नाकावरचा रोध उतरतो. कांहीं पौंडांच्या सळईनें भल्या मोठ्या निमुळत्या नाकाचें काम होतें.

ही कल्पना कागदावर प्रथम केव्हां उतरली, हें बाजूला ठेवलें तरी तिच्या आरंभींच्या प्रयोगांच्या नोंदी उपलब्ध आहेत. १९४७ मध्यें अमेरिकेंतील अलेक्झांडर यांनीं बोथट वस्तूपुढें सळईवर एक लहानसा शंकु बसवून स्वनातीत वेगांत रोध मोजला, आणि तो कमी झाल्याचें दाखविलें. १९५१ मध्यें मोकेल यांनीं सळईपासून हवेचा थर कसा सुटतो, याचा अभ्यास केला. १९५२ मध्यें ब्रिटनमधील मेअर यांनीं आणखी एक चमत्कार नोंदविला. कांहीं आकारांवर, विशेषतः सपाट तोंडाच्या वस्तूंवर, ही छत्री स्थिर राहतच नाहीं. ती उघडझांप करावी तशी एकसारखी फुगते आणि मिटते. १९६० मध्यें मॉल यांनीं या थरथरीची मीमांसा केली. खांद्यावर टेकणाऱ्या थरांतून जितकी हवा आंत कोंडली जाते, तितकी बाहेर निसटली नाहीं, तर शंकु फुगत जातो, फुटतो आणि पुन्हा भरूं लागतो. तोंडाच्या कडा गोलसर असल्या तर ही थरथर शमते. ज्या वाहनाच्या नाकावरचा दाब प्रत्येक क्षणीं असा हेलकावे खाईल, त्याची बांधणी किती दिवस टिकेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

याहून मोठा धक्का उष्णतेच्या बाबतींत बसला. रोध कमी होतो, तर तापणेंहि कमी होईल, असें कोणासहि वाटावें. १९५४ मध्यें एम्स प्रयोगशाळेंतील स्टाल्डर आणि नील्सन यांनीं अर्धगोल नाकाच्या दंडगोलावर सळया बसवून उष्णता मोजली. रोध खरोखरच उतरला. परंतु नाकांत शिरणारी उष्णता घटण्याऐवजीं वाढली! ज्या युक्तीनें वाहन हलकें चालावें, तीच युक्ति त्याला जाळूं पाहत होती. कित्येकांना तेव्हां सळईचा विचार तेथेंच संपला असें वाटलें असल्यास नवल नाहीं.

या कोड्याचा उलगडा पुढील पांच वर्षांत झाला, आणि तो या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद भाग आहे. १९५६ मध्यें डीन चॅपमन यांनीं गणितानें असें दाखविलें कीं, सुटलेला हवेचा थर जर शांत, थरांथरांनीं वाहणारा असेल, तर त्याखालील पृष्ठभागांत शिरणारी उष्णता नेहमींच्या निम्म्याहून थोडीच अधिक राहते. तोच थर खळबळलेला, भोंवऱ्यांनीं भरलेला असेल, तर मात्र हा हिशेब पार बदलतो. खळबळ गरम हवेला आंत ओढून घेते आणि नाकावर आणून आपटते. १९५९ मध्यें प्रिन्स्टन विद्यापीठांतील बोगडोनॉफ आणि वास यांनीं ध्वनीच्या सुमारें चौदापट वेगाच्या प्रवाहांत सळईवाल्या वस्तु तपासल्या. त्यासाठीं त्यांनीं हवेऐवजीं हेलियम वायु वापरला. कारण इतक्या वेगाला पोहोंचतांना वायु अतिशय थंड होतो, आणि हवा त्या थंडाईंत द्रवरूप होऊं लागते, हेलियम होत नाहीं. त्या शांत प्रवाहांत दाब आणि उष्णता हीं दोन्हीं कमी झालेलीं आढळलीं. त्याच वर्षीं क्रॉफर्ड यांनीं माख ६.८ वर सळईची लांबी आणि प्रवाहाची स्थिति बदलून पाहिली, आणि थर कोठें खळबळतो यावर उष्णतेचें प्रमाण कसें पालटतें, तें स्पष्ट केलें.

तात्पर्य, परस्परविरोधी दिसणारे दोन्ही निष्कर्ष खरे होते. फक्त प्रवाहाची स्थिति निराळी होती. तरीहि एक अडचण कोणत्याच स्थितींत सुटत नाहीं. छत्रीचा थर ज्या वर्तुळावर येऊन नाकाला टेकतो, त्या खांद्यावर दाब आणि उष्णता एकवटतात. नाकाचा मध्य थंडावतो, पण खांदा तापतो. शिवाय सळईचें स्वतःचें टोंक आतां सर्वांत पुढें, सर्वांत बारीक आणि म्हणून सर्वांत अधिक तापणारें ठरतें. वाहन जरा तिरपें झालें, तर छत्री एका बाजूला कलते, वाऱ्याकडील खांदा उघडा पडतो आणि सळईचा लाभ घटत जातो. सळई फार आंखूड असली तर परिणाम होत नाहीं, फार लांब असली तर थर मध्येंच डळमळतो, आणि तिचा भार सांभाळणेंहि अवघड होतें. या दोषांवर उपाय म्हणून सळईच्या टोंकावर लहानशी सपाट चकती किंवा अर्धगोल टोपी बसविण्याची चाल पडली. चकतीमुळें छत्री अधिक रुंद उघडते, आणि टोंकाची धारहि बोथट होऊन तें जळण्यापासून बऱ्याच अंशीं वांचतें. अ‍ॅलन यांचाच धडा पुन्हा एकदां, या वेळीं लहान प्रमाणावर, उपयोगी पडला.

प्रयोगशाळेंतून ही सळई प्रत्यक्ष वाहनावर आली ती एका संहारक अस्त्राच्या निमित्तानें. अमेरिकेच्या ‘ट्रायडंट १’ या पाणबुडींतून सुटणाऱ्या क्षेपणास्त्राचा पल्ला आधींच्या ‘पोसायडन’पेक्षां पुष्कळ वाढवावयाचा होता, पण तें बसवावयाचें होतें पाणबुडीच्या जुन्याच नळींत. लांबी वाढवितां येईना, म्हणून तिसऱ्या टप्प्याचें इंजिन अस्त्रांसह नाकांत कोंबावें लागलें, आणि नाक बोथट झालें. त्यावर तोड म्हणून नाकांत घडी घालून ठेवलेली, दुर्बिणीच्या नळीसारखी एकांत एक सरकणारी सळई योजिली गेली. क्षेपणास्त्र पाण्याबाहेर पडल्यावर ती झटक्यानें बाहेर येते. तिच्या टोंकाशीं एक लहान चकती आहे. या योजनेनें नाकावरील रोध सुमारें निम्म्यानें कमी झाला. ‘ट्रायडंट १’ हें १९७९ मध्यें सेवेंत दाखल झालें. त्याचा पल्ला सुमारें ७,४०० किलोमीटर होता. १९९० मध्यें आलेल्या ‘ट्रायडंट २’ वरहि हीच योजना कायम राहिली. विशेष असें कीं, इतक्या आधुनिक अस्त्राचें नाकाचें आवरण स्प्रूस जातीच्या लांकडाचें बनविलें गेलें. येथें सळई यशस्वी कां झाली, हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे. ती अस्त्र वर जातांना, थोडाच वेळ कामास येते. परतीच्या भीषण उष्णतेशीं तिचा संबंधच येत नाहीं. परत येणारे भाग निराळे, आणि त्यांचें रक्षण त्यांचें स्वतःचें कवच करतें.

भारतांत या विषयाचा पाठपुरावा झाला तो मुख्यतः बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेंत. तेथील आघातबोगदा हें एक नमुनेदार साधन आहे. एका लांब नळींत धातूचा पडदा लावून एका बाजूस प्रचंड दाबाचा वायु भरतात; पडदा फुटतांच आघाततरंग दुसऱ्या बाजूच्या हवेंतून धांवतो, तिला दाबतो, तापवितो, आणि ती हवा एका फांकत जाणाऱ्या तोंडांतून अतिस्वनातीत वेगानें बाहेर पडते. हा प्रवाह टिकतो तो अवघा सेकंदाचा एक हजारावा भाग. एवढ्या क्षणांत नमुन्यावरील जोर साध्या तराजूनें मोजणें शक्य नाहीं. म्हणून नमुना रबराच्या तुकड्यांवर जवळजवळ मोकळा ठेवून त्याला बसलेल्या धक्क्याची गति मोजली जाते आणि तीवरून रोध काढला जातो. विरेन मेनेझिस, एस. सरवणन, जी. जगदीश आणि के. पी. जे. रेड्डी यांनीं माख ५.७५ वर, १२० अंश कोनाच्या अतिशय बोथट शंकूपुढें निरनिराळ्या टोंकांच्या सळया बसवून प्रयोग केले. २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार सपाट चकतीच्या सळईनें, नमुना प्रवाहाच्या अगदीं समोर असतां, रोध सुमारें ५५ टक्क्यांनीं कमी झाला. तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्रांतील आर. सी. मेहता यांनीं माख ६.८ वरील सळईवाल्या नाकाची उष्णता संगणकाच्या साहाय्यानें काढून तिचा अभ्यास २००० मध्यें प्रसिद्ध केला. मेनेझिस पुढें मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत प्राध्यापक झाले, आणि अतिस्वनातीत प्रवाहाच्या प्रयोगांची परंपरा महाराष्ट्रांतहि रुजली.

सळईला पर्याय शोधण्याचेहि प्रयत्न झाले. नाकाच्या मध्यांतून उलट दिशेस वायूचा झोत सोडला, तर तो झोतच सळईचें काम करतो. त्याला जळण्याची भीति नाहीं, पण वायूचा सांठा वाहावा लागतो. बंगळूर येथेंच नाकावर क्रोमियम धातूचा पातळ लेप देऊन पाहण्यांत आला. तप्त हवेंत तो लेप उडून जळतो, त्याची उष्णता आघाततरंगामागील थरांत मिसळते, आणि तरंग नाकापासून दूर सरकतो. २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत रोध जवळजवळ निम्म्यावर आला. सळई, झोत, लेप यांची साधनें भिन्न असलीं, तरी हेतु एकच आहे. नाकाला हवा भेटण्यापूर्वींच तिचा जोर मोडावयाचा.

असा हा रोध निम्म्यानें उतरला काय किंवा न उतरला काय, सामान्य गृहस्थाला त्याचें काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर भंडारा जिल्ह्यांतच मिळतें. भंडाऱ्यानजीक जवाहरनगर येथें १९६० च्या दशकांत उभी राहिलेली आयुधनिर्माणी दारूगोळ्यासाठीं लागणारी प्रक्षेपक दारू बनविते. अग्निबाणाची घन दारू ही तिचीच दूरची बहीण. त्या विद्येंत पुण्याचे वसंत गोवारीकर यांनीं मोठें कार्य केलें, आणि १९७९ ते १९८५ या काळांत ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. अशी दारू कालवणें, ओतणें, वाळविणें हें जिवावरचें काम आहे. २४ जानेवारी २०२५ रोजीं जवाहरनगरच्या निर्माणींत झालेल्या स्फोटांत कामगार मृत्युमुखी पडले, हें अद्याप कोणी विसरलेलें नाहीं. हवेच्या रोधाशीं झगडण्यांत जी दारू खर्च होते, ती कोणाच्या तरी हातांनीं अशाच जोखमींत तयार झालेली असते. वाहनाचा आकार सुधारून ती थोडी वांचविणें, हें केवळ कागदावरचें गणित राहत नाहीं.

मात्र सळई म्हणजे सर्व रोगांवरचें औषध नव्हे, हेंहि या इतिहासानें तितक्याच स्पष्टपणें सांगितलें आहे. भारतानें जानेवारी २००७ मध्यें कक्षेंतून सुखरूप परत आणलेली कुपी, आणि १८ डिसेंबर २०१४ रोजीं समुद्रांत उतरविलेली माणसें वाहण्याजोगी रिकामी कुपी, या दोहोंनाहि सळई नव्हती. कारण त्यांना रोध हवा होता आणि उष्णता दूर उधळावयाची होती. तेथें अ‍ॅलन यांचें बोथट नाकच योग्य. जेथें वर चढावयाचें आहे किंवा हवा चिरीत पुढें जावयाचें आहे, तेथें सळईचा विचार करावा. पण खांद्याचें तापणें, छत्रीची थरथर आणि तिरप्या वाऱ्याचा धोका यांचा हिशेब आधीं मांडावा. १९५४ मध्यें उष्णता वाढलेली पाहून जे थांबले नाहींत, आणि १९५९ मध्यें ती घटलेली पाहून जे हुरळले नाहींत, त्यांच्यामुळें हा हिशेब आज मांडतां येतो. हवेचा रोध आणि हवेची उष्णता यांचें नातें तुटत नाहीं; एकाला दाबलें कीं दुसरें कोठेंतरी डोकें वर काढतें. तें कोठें डोकें वर काढील, हें आधीं ओळखून तेथें कवच घालणें, एवढेंच स्थापत्यज्ञाच्या हातीं असतें. आणि तेवढें साधलें तर वाहन आपल्या मुक्कामीं पोहोंचतें.